गुडघ्याएवढं जांभूळ : मसाई पठार ते मोरजाई, चार दिवस

गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मामांचा फोन आला. "तुझ्या त्या बुटक्या झाडांकडं कधी निघायचं? पाऊस उघडीप देतोय बघ."

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचा धडा आला की उंच पर्वतावरच्या खुज्या वनस्पतींचं उदाहरण दरवर्षी देते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ती झाडं तिथं पोटाला मिळत नाही म्हणून लहान राहतात, की मुळातच लहान असतात?" पोरांच्या या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून तो मला फार आवडतो. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, लडाखला दोनदा राहून आले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं मी पुस्तकातून शिकवत होते. यंदा ठरवलं की लडाख नाही तर नाही, निदान आपल्या जिल्ह्यातले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची उघड्या कातळाची पठारं, तरी त्यांच्यासोबत पालथी घालायची. गाडी मामेभावाची, म्हणजे दादाची, चालवणारा तोच. मामींचे गुडघे दुखत होते, त्या घरी थांबल्या आणि आमच्यासोबत दोन डबे लाडू धाडले.

पहिला दिवस : मसाई पठार

सातला निघालो. वाटेत मिसळ खाल्ली, मामांनी कट दोनदा मागून घेतला. वाघबीळची वळणं चढताना धुकं सुरू झालं ते पन्हाळा मागे पडून पठारावर पोचलो तरी सुटेना. दहा पावलांपुढचं काही दिसत नव्हतं. दादा म्हणाला, "आता काय बघायचं? सगळं पांढरंच की." मी म्हटलं, "आपल्याला लांबचं बघायचंच नाहीये."

मसाई पठार म्हणजे जांभ्याचा सडा. एकाला लागून एक असे सपाट टप्पे, मधे मसाईचं देऊळ, कड्याला पांडवदऱ्याची लेणी. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले ती वाट याच पठारावरून जाते, त्यामुळे पावसाळ्यात पावनखिंड मोहिमेची मंडळी इथून मोठ्या संख्येनं चालतात. जांभ्यावर माती असते ती कुठं बोटभर, कुठं नखभर. चार महिने त्यात पाणी तुंबून राहतं आणि दिवाळीनंतर तोच दगड तव्यासारखा तापतो. इथल्या बहुतेक रोपट्यांना उगवणं, फुलणं आणि बी टाकणं हे सगळं या चार महिन्यांतच उरकायचं असतं.

प्लॅस्टिकचा कागद अंथरून मी पोटावर पडले आणि भिंग काढलं. एका ओंजळीएवढ्या खळग्यात पाणी होतं. काठावर गेंदाचे पांढरे गोंडे, टाचणीच्या डोक्याएवढे, बोटभर दांड्यावर. त्यांच्यामधे सीतेची आसवे, जांभळी, पाकळीवर पांढुरका डाग. आणि अगदी खाली, दगडाला चिकटून, दवबिंदू नावाच्या रोपाची तांबूस पानं, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका थेंबात एक चिलट अडकलेलं होतं आणि त्याचा एक पाय अजून हलत होता. हा सगळा मळा माझ्या तळहाताखाली झाकला गेला असता. सीतेच्या आसवांना खरी मुळंच नसतात. मातीच्या चिखलात त्यांच्या बारीक पिशव्या असतात, एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी त्याला आत ओढून घेते. या मातीत नत्र नसल्यासारखंच, म्हणून ते असं मिळवायचं. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर कुणी हातभर दांडा उभारत नाही.

साडेदहाला धुकं फाटलं आणि ऊन पडलं. वर्गातला थर्मामीटर सोबत घेतला होता. पाऱ्याला थेट ऊन लागू नये म्हणून तळहाताची सावली धरली. छातीच्या उंचीवर, वाऱ्यात, २३ अंश. मग तोच थर्मामीटर गेंदांच्या दांड्यांमधे जमिनीलगत धरून पाच मिनिटं थांबले. २९. मामा आणि दादा दोघांनी वाकून वाचलं, मग दादानं स्वतःच्या हातानं पुन्हा करून पाहिलं.

या सहा अंशांसाठीच मी थर्मामीटर आणला होता. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्यामुळे हवेचं तापमान तेच त्याचं तापमान. जमिनीला बिलगलेलं रोप मात्र वारा मंदावलेल्या थरात बसतं, ऊन जमिनीला तापवतं आणि ती ऊब त्याच्यापाशी राहते. डोंगर चढताना दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान सहा-सात अंशांवर आलं की जगभरातल्या पर्वतांवर वृक्षांची रेषा संपते. तिथं ऊन भरपूर असतं, पानं साखरही बनवतात, पण पाच अंशांच्या खाली नव्या पेशी तयार होणंच जवळजवळ थांबतं. साखर असून बांधकाम बंद. वृक्षाचा शेंडा त्या थंडीत अडकतो, तर शेजारचं बोटभर रोप उबेत बसून वाढत राहतं. आपला सडा हजार मीटरच्या आसपासचा, इथं थंडीनं कुणाचं अडत नाही. इथं मातीचा थर, वारा आणि चार महिन्यांची घाई खुजेपणा आणते. पण दोन्हीकडच्या रोपांनी अंग जमिनीला टेकवलंय ते मात्र सारखंच.

परतताना कडेच्या धनगरवाड्यावर एका म्हातारबांनी हाक मारली, "कुठनं आलासा? ताक घ्या की." त्यांच्या घराची वळचण इतकी खाली होती की मामांना पार वाकून आत जावं लागलं. मी विचारलं, एवढी खाली का? "पश्चिमेचा वारा हाय बाई. त्याला शिरायला जागा ठिवली तर छप्पर न्हेतोय." आत चुलीपाशी खरोखरच ऊब होती. बाहेर शर्ट फडफडत होता आणि आत दिव्याची ज्योत हलत नव्हती. ताकासोबत नाचणीची भाकरी आणि लसणीचा ठेचा मिळाला. पैसे घेतले नाहीत, मामींचे लाडू मात्र घेतले.

जाणाऱ्यांसाठी : ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरअखेर हा खरा काळ. बारकी फुलं नऊनंतर उघडतात, भल्या पहाटे जाऊन उपयोग नाही. भिंग आणि अंथरायला कागद न्या. चालताना उघड्या दगडावर पाय ठेवा, ओल्या हिरव्या पट्ट्यावर नको. गाडी रस्ता सोडून आत घालू नका. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथलं काहीही उपटू नका.

पहिली रात्र : ऊसाच्या बांधावर

पन्हाळ्यावर खोल्या सांगून ठेवल्या होत्या, आगाऊ पैसेही दिले होते. पोचलो तर खोल्या दुसऱ्यांना दिलेल्या. तासभर वाद घालून पैसे परत मिळाले, झोपायची सोय मात्र झाली नाही. मामांनी शांतपणे फोन काढला. पायथ्याच्या एका गावात त्यांचे पलटणीतले जुने सोबती राहतात. "अरे, आधी न्हाई का सांगायचं?" एवढंच ते म्हणाले आणि अर्ध्या तासात आम्ही त्यांच्या सोप्यात बसून पिठलं-भाकरी खात होतो.

त्या वादाचं मला आता काही वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या रानात जे दिसलं ते पन्हाळ्यावरच्या खोलीत दिसलं नसतं. त्यांचा ऊस दोन ठिकाणी आहे, अर्धा नदीकाठच्या मळीत आणि अर्धा वरच्या माळाला. दोन्हीकडं एकच बेणं, शहाऐंशी शून्य बत्तीस, एकाच प्लॉटातून तोडून लावलेलं. मळीतला ऊस डोक्याच्या वर हात केला तरी पुरेना, माळावरचा माझ्या खांद्याला. त्यांनी दोन्हीकडचा एक-एक ऊस तोडून बांधावर शेजारी ठेवला. "पेरं मोजा," म्हणाले. मोजली. संख्येत दोन-तीनचाच फरक. पण मळीतलं एकेक पेर वीतभर आणि माळावरचं चार बोटं.

ऊस कांडीपासून लावतात, म्हणजे दोन्ही ऊस एकाच झाडाचे तुकडे, रक्त तंतोतंत तेच. तरी एक उंच, एक खुजा. हा खुजेपणा जागेनं आणलेला. याच माळावरची कांडी उद्या मळीत लावली तर उंच होईल, यात तिथल्या कुणालाच शंका नव्हती.

मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. पेर लांब करणारं द्रव्य म्हणजे जिब्रेलिन. आपल्याकडं द्राक्षाचे घड ज्यात बुडवतात आणि काहीजण उसावरही फवारतात ते जीए, तेच हे. जपानमध्ये भाताची काही रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी व्हायची. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्या रोपांवरच्या बुरशीतून पाझरणारं द्रव्यच हे करतं. पुढं कळलं की वनस्पती ते स्वतःही बनवतात. फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेनं १९६६ मध्ये दिलेला आयआर-आठ हा बुटका भात. त्याला बुटकेपणा तैवानच्या एका जुन्या वाणाकडून मिळाला. त्या वाणात जिब्रेलिन बनवणारं एक जनुक बिघडलेलं होतं, म्हणून खत घातलं तरी तो ताडमाड वाढून लोळत नाही. असा भात मळीत लावा की माळावर, तो बुटकाच, कारण त्याचा खुजेपणा बियाण्यातून येतो.

ते बराच वेळ दोन्ही ऊस बघत राहिले आणि म्हणाले, "मग बघून कसं कळायचं, कुणाचं रक्तातलं आणि कुणाचं रानातलं?"

बघून कळत नाही. वर्गातली पोरं आणि हे शेतकरी एकाच जागी येऊन थांबले होते.

दुसरा दिवस : गगनबावडा, गगनगड

कळे, साळवण करत गगनबावड्याला जाईपर्यंत ऊन कधीच मागे पडलं होतं. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हे दिसतच जातं, उसाचे फड आटपतात, भातखाचरं लागतात, मग नाचणी, मग झाडी.

गगनगडावर आश्रमापर्यंत पायऱ्या आहेत. भुरभुर पावसात चढलो. वर पश्चिमेच्या धारेवर आल्यावर वाऱ्यानं श्वास घेता येईना. खाली कोकण असणार, पण ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. त्या धारेवर अंजनी आणि करवंदाची झुडपं अशी होती की जणू कुणी रोज कातरतंय. पश्चिमेची बाजू सफाचट, सगळ्या फांद्या पूर्वेला निजलेल्या.

त्यांच्यात एक झाड गुडघ्याएवढं होतं. पान मी ओळखलं पण विश्वास बसेना, म्हणून एक गळलेलं पान उचलून चुरगाळून वास घेतला. जांभूळ. बुंधा माझ्या मनगटाएवढा जाड, साल खरबरीत, वयानं म्हातारं, आणि उंची गुडघ्याला. वाऱ्याकडची पालवी करपलेली, आडोशाच्या बाजूला दाट पानं.

वारा झाडाला दोन रीतींनी खुजं करतो. एक म्हणजे कोवळे शेंडे सुकवून, मोडून. दुसरी गंमत अशी की झाडाला नुसतं हलवत राहिलं तरी ते कमी उंच आणि जास्त जाड वाढतं. रोपाला रोज थोडा वेळ हातानं कुरवाळलं तरी हा फरक पडतो. मार्क जॅफ या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये या परिणामाला नाव दिलं. मी हे सांगत होते आणि मामा गप्प होते. मला वाटलं दम लागला असेल.

मग ते म्हणाले, "अक्कानं ह्याच धारेवर जांभळं खाल्ली होती."

अक्का म्हणजे माझी आई. १९९८ च्या जूनमध्ये मामा रजेवर आले असताना बहीण-भाऊ दोघं एसटीनं इथं आले होते. मी तेव्हा शिकायला पुण्यात होते, मला यातलं काही माहीत नव्हतं. मामा सांगत होते, आडोशाच्या बाजूला जमिनीलगत चार घोस लागलेले. आईनं खाली बसून जांभळं खाल्ली, बिया रुमालात बांधल्या. "म्हणाली, एवढ्याशा झाडाला बघ कसं पोटभर लागलंय. लावते आमच्या परड्यात, कुंडीएवढं राहील, पोरीला खाली बसून तोडता येतील."

आमच्या परड्यातलं जांभूळ गच्चीच्या वर गेलंय. दर उन्हाळ्याच्या शेवटी गच्ची जांभळी होते म्हणून आम्ही त्याच्या फांद्या छाटतो. ते झाड कुठून आलं हे मी आईला कधी विचारलं नाही. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली.

पाऊस वाढला तरी आम्ही तिथून हललो नाही. दादानं छत्री उघडायचा प्रयत्न केला, ती उलटी झाली, मग त्यानं ती मिटून टाकली. मी त्या बुंध्यावर हात ठेवून बसले होते. साल गार होती आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताला बुंधा आतून थरथरत होता.

रात्री गगनबावड्यात एका घरगुती खानावळीत जेवलो. तांबडा रस्सा कोल्हापूरचा आणि पाठोपाठ सोलकढी कोकणची, घाटमाथ्यावर हे दोन्ही एकाच ताटात येतं. वाढणाऱ्या काकूंना आम्ही जांभळाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "धारंवरची जांभळं बारीक पण लई गोड. जूनला या. पोरं वाटंवर द्रोणात घेऊन बसत्यात."

जाणाऱ्यांसाठी : गगनबावड्याला कोल्हापुरातून एसटी आहे, पण परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. धारेवर छत्री निरुपयोगी, रेनकोटच हवा. करूळ आणि भुईबावडा दोन्ही घाटांत धुकं अचानक उतरतं, दुपारनंतर गाडी सावकाश चालवा. रोख पैसे जवळ ठेवा, फोनला रेंज असेलच असं नाही.

तिसरा दिवस : मोरजाई पठार

खरं तर राधानगरीकडच्या दाजीपूर अभयारण्यातला सावराई सडा पाहायचा होता. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं होती, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पण दाजीपूर पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं आणि ते बंद असतं तेच बरं. म्हणून गगनबावडा तालुक्यातलंच मोरजाई पठार धरलं. वर मोरजाईचं देऊळ, भोवती सडा, माणूस नाही. तेरडा पिकून आला होता, सोनकी नुकती लागत होती, आणि मधेमधे आभाळीचे निळे ठिपके.

देवळाच्या आडोशाला पावसात दोन तास अडकलो. तिथं मामांनी लडाखची गोष्ट काढली. मी ती लहानपणी ऐकली होती, पण तेव्हा मला ती सैन्याची गोष्ट वाटायची.

"सोळा हजार फुटांच्या वर होतो. गस्तीवरनं येताना दमलो म्हणून एका दगडावर टेकलो. हिरवट, गोल, बैलगाडीच्या चाकाएवढा. हातमोजा काढून हात टेकवला तर गरम! हवेत श्वासाची वाफ होत होती आणि दगड गरम. नखानं खरवडलं तर दगड न्हाई, पानं. इतकी दाट की सुई शिरणार न्हाई. सगळे हसले, सुभेदार झाडावर बसले म्हणून."

ती उशी-वनस्पती होती. वर्णनावरून बहुधा थायलॅकोस्पर्मम, कार्नेशनच्या कुळातली. शेकडो बारीक फांद्या एकाच उंचीवर येऊन थांबतात आणि वरचा पृष्ठभाग घुमटासारखा बंद होतो. वारा वरून घसरून जातो. उन्हात आतलं तापमान हवेपेक्षा दहा अंशांनी आणि त्याहूनही जास्त चढू शकतं. जुनी पानं बाहेर पडत नाहीत, आतच कुजतात आणि त्यांचं खत होतं, तीच ओल धरून ठेवतात. खाली सोटमूळ खोल गेलेलं. वाढ इतकी मंद की मोठी उशी शेकडो वर्षांची असू शकते. मामा ज्यावर टेकले ते कदाचित पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी रोपटं असेल. लडाखमध्येच ६१५० मीटरवर चेक वनस्पतिशास्त्रज्ञांना फुलझाडं सापडली आहेत, तीही अशीच बोटभर. उशीचा आकार वेगवेगळ्या कुळांनी, अँडीजमध्ये, आल्प्समध्ये, हिमालयात, स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा घेतलाय. एकमेकांना कधीही न भेटलेल्या सुतारांनी एकच सांधा शोधून काढावा तसं.

दादानं तेव्हा बांधावरचाच प्रश्न विचारला. "ती उशी इथं आणून लावली तर उंच वाढंल का?"

याचं उत्तर शोधायची रीत शंभर वर्षांपूर्वीच सापडलीय. स्वीडनमध्ये ग्योटे टुरेसन यांनी समुद्रकाठच्या खुज्या, सरपटणाऱ्या रोपट्यांना आणि त्याच जातीच्या आतल्या भागातल्या उंच रोपट्यांना एका बागेत शेजारी लावलं. काही उंच झाली, म्हणजे तो जागेचा परिणाम होता. काही चांगल्या मातीतही खुजीच राहिली, म्हणजे त्यांचं रक्त त्या जागेनं निवडलेलं होतं. १९२२ मध्ये त्यांनी अशा निवडलेल्या वाणांना इकोटाइप म्हटलं. पुढं कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हिसी या तिघांनी तीन बागा केल्या, एक समुद्रसपाटीजवळ, एक १४०० मीटरवर आणि एक ३०५० मीटरवर वृक्षरेषेपाशी. एकाच रोपाचे तुकडे करून तिन्हीकडं लावले, अगदी आपण कांड्या लावतो तसे. अकिलिया नावाच्या रानरोपट्याचे वाणही त्यांनी असेच शेजारी लावून पाहिले. उंचावरची अकिलिया खाली आणली तरी ठेंगणीच राहिली. खालची उंच अकिलिया वर नेली ती बहुतेक तगली नाही, तगली तिचं बी थंडी पडायच्या आत पिकेना.

वर पर्वतावर उंच वाढणारं बीही पडत असणारच. ते वाढतं, दांड्यावर सगळी साखर खर्चून बसतं, आणि सहा-आठ आठवड्यांचा हंगाम संपला की हिमात अर्धकच्चं मरतं. शेजारचं ठेंगणं मात्र बी टाकून मोकळं झालेलं असतं. हे हजारो हंगाम चाललं की ठेंगणेपणा रक्तात उतरतो. बऱ्याच जातींत दोन्ही असतं, थोडं रक्ताचं, थोडं जागेचं, आणि किती कुणाचं ते लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मामा म्हणाले, "मग अक्कानं टुरेसनचाच प्रयोग केला म्हणायचा." मला काही बोलता आलं नाही.

पाऊस थांबल्यावर सड्यावर फिरलो. एका जागी चाकांच्या दोन रेघा होत्या, दगडापर्यंत खरवडलेल्या. एवढ्या पातळ मातीवरून एकदा गाडी वळवली की चाकाखाली गेंद, आसवे आणि दवबिंदू यांची बी साठवणारी माती निघून जाते, आणि जांभ्यावर बोटभर माती साचायला किती पिढ्या लागतात याचा विचार गाडी वळवणाऱ्यानं केलेला नसतो. या जांभ्यात बॉक्साइट असतं, त्यासाठी जिल्ह्यात काही ठिकाणी सड्याचा माथाच उचलला गेलाय. "पडीक" असा शेरा ज्या जमिनीला लागतो तिच्यावर मी तीन दिवस पोटावर पडून होते. जिथं मी तळहात ठेवला तिथं चारपेक्षा कमी जाती एकदाही मोजल्या नाहीत.

चौथा दिवस : परडं

गगनबावड्याहून सकाळी निघून अकराला घरी. मामांनी चहासुद्धा घेतला नाही, थेट परड्यात गेले. सैन्यात शिकलेली रीत त्यांनी वापरली. हात सरळ लांब करून काठी उभी धरली, काठीची मुठीवरची लांबी डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी केली, आणि शेंडा ते बुंधा काठीत बसेपर्यंत मागं मागं सरकत गेले. शेजारच्यांच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्यावर पोचले तेव्हा ते बसलं. तिथून बुंध्यापर्यंत दादानं टेप धरला. सदतीस फूट.

एका झाडावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी पोरांना नेहमी सांगते. आईनं बिया नेमक्या त्याच झाडाच्या आणल्या का, परागकण खालच्या एखाद्या उंच जांभळाचे होते का, हे आता सांगता येणार नाही. म्हणून ठरवलंय. जूनमध्ये वाटेवरच्या पोरांकडून धारेवरच्या जांभळांचा एक द्रोण घ्यायचा. परड्यातल्या झाडाच्या वीस बिया आणि त्या वीस, एकाच मातीच्या चाळीस पिशव्यांत, एकाच गच्चीवर, एकाच पाण्यावर लावायच्या. पिशव्यांवर क्रमांक दादा टाकणार, कुठली कुणाची ते मला सांगणार नाही. दर महिन्याला उंची मोजायला बारावीची पोरं येतील.

जाताना मामांनी गाडीची काच खाली केली. "पहिलं जांभूळ गच्चीवर पडलं की फोन कर. द्रोण आणायला मी येतो."